आवाजबाईंचा श्रोता

गल्लीत तिला सगळे आवाजबाई म्हणत. लिफ्टमध्ये, बसथांब्यावर, बँकेला फोन लावला की फोनमध्ये, सगळीकडे तिचाच आवाज. घरात दोघांचं वाजलं की नवरा, गणिताचा मास्तर, हळूच म्हणायचा, "आता बाईसाहेब सांगतील, कृपया प्रतीक्षा करा." आणि भांडण हसण्यावारी जायचं.

मग यंत्रं बोलायला लागली. तिचीच जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून शिकली. आवाज तिचाच राहिला, फक्त तिला बोलवायची गरज उरली नाही. कामं आटली. त्या रिकाम्या दिवसांत एकच विचार तिचं डोकं पोखरायचा. भाजी निवडता निवडता हात थांबायचे.

"अहो, मी जन्मभर बोलले, ते कुणी खरंच ऐकलं असेल का?"

"लोक बरोबर मजल्यावर उतरले ना? झालं तर मग," मास्तर वह्यांतून मान वर न करता म्हणायचा.

अशात तिला ते काम मिळालं. दृष्टी गेलेल्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. स्टुडिओ एका जुन्या इमारतीच्या तळघरात होता. पूर्वी तिथे कापडाचं गोदाम होतं, आणि कोऱ्या ताग्यांचा वास अजून गालिच्यातून यायचा. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसायचा. अलीकडे तिची खोली, जेमतेम एक टेबल मावेल एवढी. दाराला रबराची कड होती. दार लागलं की कानांत दडे बसायचे आणि बाहेरचं जग पुसून जायचं.

पुस्तक होतं एका खलाशाच्या घराण्याची जाडजूड कादंबरी. पहिल्याच आठवड्यात, वाचता वाचता, तिला हेडफोनमध्ये कुणाचा तरी श्वास ऐकू आला.

"तुमचाच असणार, बाई," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "माइक जवळ आहे."

तिलाही ते पटलं. पण दुसऱ्या दिवशी ती एक लांबलचक वाक्य वाचत होती आणि वाक्याच्या ऐन मध्यावर तो श्वास आत ओढला गेला. बोलता बोलता श्वास आत घेणारा माणूस तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. रेकॉर्डिस्टने वायरी तपासल्या, हेडफोन बदलला, मुद्रण उलटसुलट ऐकून पाहिलं. त्यात तिच्या आवाजाशिवाय काहीच नव्हतं.

नवल म्हणजे तिला भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. खलाशाचा म्हातारा बाप काही वेडंवाकडं बोलला की तो श्वास हसल्यासारखा अडखळायचा. वादळाचं प्रकरण आलं तेव्हा तो रोखला गेला आणि होडी तरल्यावर हळूच सुटला. कुणीतरी ऐकत होतं. ती जीव ओतून वाचू लागली. घरी पोळ्या लाटताना गुणगुणू लागली. देवापुढे हात न जोडणारी बाई, पण स्टुडिओचा जिना उतरताना आता तिचे हात आपोआप जुळायचे. मास्तरला बरं वाटलं. कशामुळे, हे त्याने विचारलं नाही.

एका दुपारी तिला ठसका लागला. ती थांबली, पाणी प्यायली.

हेडफोनमधला श्वासही थांबला.

ती वाट पाहत राहिली. तो सुरू होईना. कानांत नुसती पोकळी. घाबरून तिने मिळेल ते वाक्य वाचायला घेतलं, आणि पाण्याखाली दाबून धरलेलं माणूस वर यावं तसा तो श्वास फाटत, कण्हत परत आला.

त्यानंतर ती थांबली नाही. रेकॉर्डिस्टने हात हलवला, काचेवर टकटक केली. तिने मान हलवून नकार दिला. पुस्तकाची थोडीच पानं उरली होती, ती संपली तेव्हा पानं मागे उलटवून तिने पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी रेकॉर्डिस्टने मास्तरला फोन केला.

शाळा सुटल्या सुटल्या तो आला. जिन्यावर अजून ऊन होतं.

"चल घरी," तो म्हणाला. "घसा बघ काय झालाय."

तिने पानावरची नजर काढली नाही. त्याच लयीत, त्याच आवाजात ती वाचत गेली, "आणि धाकट्याने होडी किनाऱ्याकडे वळवली, अहो, मी थांबले तर ते माणूस जाईल, आणि दूरवर दिवा दिसू लागला."

"कुठलं माणूस?"

तिने हेडफोन काढून त्याच्या हातात दिला.

मास्तर हिशेबी माणूस. त्याने आधी रेकॉर्डिस्टला हेडफोनची वायर उपसायला सांगितली. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने ती हातात धरून दाखवली, सुटलेली, लोंबणारी. मग मास्तरने हेडफोन कानांना लावला. चेहऱ्यावर थोडं हसू होतं, वर्गात चुकलेलं उत्तर ऐकताना असायचं तसं.

ते हसू हळूहळू गेलं.

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग तिच्याकडे पाहू लागला. तिच्या तोंडाकडे नाही, छातीकडे. ती पानामागून पान वाचत होती, आणि मध्ये कुठेही दम घेत नव्हती.

"ऐकू येतो ना, असं आईने विचारलं," ती वाचल्यासारखी म्हणाली, "कुणाचा आहे हो तो?"



"रोज रात्री ऐकतो मी हा," मास्तर म्हणाला. "शेजारच्या उशीवर."

तिचा आवाज तुटला.

त्याच्या कानांतला श्वास थांबला. समोर ती ओठ उघडे ठेवून बसली होती. छाती हलत नव्हती. डोळे मोठे होत गेले.

"वाच," तो म्हणाला. "अगं, वाच."

तिने वाचलं.

त्याने स्टूल ओढलं आणि तिला चिकटून बसला. हेडफोन कानांवरच. एका हाताची दोन बोटं त्याने तिच्या नाडीवर ठेवली.

रेकॉर्डिस्ट काचेपाशी उभा होता. आत जावं की जाऊ नये, त्याला कळेना. मास्तरने दुसऱ्या हाताने खिशातून लाल पेन्सिल काढली होती, आणि बायको वाचत तिथवर पोचायच्या आत, पुढच्या पानांवरचे पूर्णविराम तो एकेक करून खोडत होता.