न सापडलेलं लाल बटण

बाईंच्या सुनेचं नाक कायम वर. बाईंच्या ॲपच्या पडद्यांची चित्रं अशी काढायची की बघत राहावं. पण चित्र झालं की हात झटकून मोकळी. ते पुढे फोनमध्ये उभं कसं राहतं, असं कुणी विचारलं की म्हणायची, "कोडबिड ते हमाली काम, आई. मी डिझायनर आहे." जसं काही घराचा नकाशा काढणाऱ्याने विटेकडे पाहिलं तर त्याचे डोळे विटाळतात!

त्या सकाळी मात्र तिचा तोरा पार उतरला. बाईंच्या रुग्णवाहिकांच्या कचेरीत फोन खणखणला. पलीकडे ओळखीतल्या मास्तरांची बायको रडत होती. आदल्या संध्याकाळी मास्तर खुर्चीतून कोसळले. बाईंच्या ॲपवरून गाडी बोलवायची, तर लाल बटणच सापडेना. शेवटी शेजाऱ्याच्या गाडीत घालून नेलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली.

"मी बघून येतो, मावशी," म्हणत भाचा उठलाच. बहिणीमागे बाईंनीच वाढवलेला पोर. सुनेच्या चित्रांवरून ॲप बांधायचा तो.

परतला तो तावातावाने.

"बटण आहे की! काकू गडबडल्या. घाबरलेल्या माणसाला दिसणार नाही अशा जागी वहिनीने ठेवलंय. हिला कामावरून काढ, नाहीतर आपल्या गाड्या कोण बोलावणार?"

सून वळून टेबलामागच्या आपल्या चित्राकडे बघू लागली.

"दिवस मावळेपर्यंत सांगते कुणाला काढायचं ते," बाई म्हणाल्या आणि इस्पितळात गेल्या.

मास्तरीणबाईंनी फोन पुढे केला. बाईंनी डोळे बारीक केले.

"अक्षरं केवढाली ही!"

"लेकीने मोठी करून दिलीत. मला कुठे दिसतंय?"

"आणि हे काय, बटण तर वरच आहे. चांगलं ठसठशीत."

"काल नव्हतं हो! गळ्याशपथ. खाली असेल म्हणून सरकवायला गेले, तर पडदा हलेचना."

"मधे फोन कुणाच्या हातात गेला होता?"

"कुणाच्या नाही. तुमचा भाचा तेवढा आला. नवीन ॲप फोनात टाकून दिलंन. गुणी पोर, बसलासुद्धा नाही."

बाई तशाच उठल्या.

कचेरीत सुनेच्या टेबलामागे तिने काढलेलं ॲपचं चित्र डकवलेलं होतं. लाल बटण तळाशी, अंगठ्याजवळ.

"बटण वर कधी नेलंस?"

"वर? खालीच आहे, आई."

"मास्तरीणबाईंच्या फोनात वर आहे."

"मग मी नाही नेलं. मी फक्त चित्र काढते. मला कोड कुठे येतो?"

"तुझ्या फोनात कालचंच ॲप आहे ना? अक्षरं मोठी कर बघू. आणि त्याला हाक मार."

भाचा आला तेव्हा सुनेच्या फोनवर ॲपमधल्या सूचनांची अक्षरं फुगून पडदाभर झाली होती. बटण तळातून बाहेर ढकललं गेलं होतं. पडदा खिळा मारल्यासारखा जागच्या जागी.

"मास्तरीणबाई खोटं बोलत नव्हत्या," बाई म्हणाल्या. "बटण काल खाली होतं, म्हणजे त्यांच्यापुरतं नव्हतंच. आज ते वर आलं. हिला हलवता येत नाही. येतं ते तुलाच. आणि कुठे बिघडलंय ते कुणी न सांगता नेमकं कळतं, ते आधी ठाऊक असणाऱ्यालाच."

भाच्याने सुनेकडे बोट केलं. "मी सांगितलं होतं हिला! पडद्याची उंची बांधून टाकली तर मोठ्या फॉन्टला ओव्हरफ्लो होईल म्हणालो. तर म्हणाली, तुझी भाषा तुझ्यापाशी ठेव, मला चित्रासारखं हवं."

"म्हणजे अक्षरं वाढली की बटण पडद्याबाहेर! हे तो तुला म्हणाला होता, सूनबाई?"

"मला वाटलं, कामाचा कंटाळा करतोय," सून पुटपुटली.

भाच्याशी बोलताना बाईंचा आवाज चिरकला, पण डोळे कोरडे होते. "तुला दिसलं होतं, आणि तू गप्प बसलास. माणूस पडला तेव्हा बटण हलवलंस आणि पाप हिच्या गळ्यात बांधलंस. जा. मास्तरीणबाईंना तुझ्या तोंडाने सांग. सांगितल्याशिवाय या दारात पाय ठेवू नकोस."

तो गेला. सुनेने सुटकेचा श्वास टाकला, तशा बाई तिच्याकडे वळल्या.

"तू कशाला हुश्श करतेस? कोड येत नाही म्हणून चोर ठरली नाहीस, एवढंच. उद्यापासून शिकायला बसायचं. तोवर माझ्या गाड्यांचं एक चित्र तुझ्या हातून व्हायचं नाही. अगं, त्याचं ते एक वाक्य तुला कळलं असतं, तर मास्तर आज बोलत असते."