बिनवासाचे घर

"माझी भांडी कधीपासून वेगळी झाली गं?" असे विचारून सासूबाईंनी चिनी मातीची वाटी हळूच, पण निश्चयाने दूर सारली, आणि तिच्यातला लाकडी चमचा पलंगाच्या कडेवरून घरंगळत सुनेच्या पायांशी येऊन पडला...

सुनेने वाकून चमचा उचलला. तो पुसून तिने पुन्हा वाटीत ठेवला.

"घरात सगळ्यांना स्टीलची भांडी, आणि मला हे खेळण्यातलं. त्यात आंघोळ करून, कपडे बदलून मगच माझ्या जवळ येतेस. हा रोग शिवल्यानं लागत नाही. डॉक्टरांना विचार हवं तर."

"माहीत आहे, आई."

"मग?"

मग काय सांगावे! या माउलीने तीस वर्षे एका शाळेच्या भोजनगृहात चारशे मुलांचे अन्न रांधले होते. पातेल्याच्या नुसत्या वाफेवरून मीठ कमी की जास्त, हे त्या सांगत. त्याच नाकाने कर्करोगाच्या पहिल्या उपचारानंतर वैर धरले. परतलेल्या कांद्याच्या वासाने त्यांना दोन दिवस ओकाऱ्या झाल्या. शेगडी बंद ठेवू म्हटले, तर 'माझ्यापायी माझ्या मुलाचा गरम घास जाणार असेल, तर मलाही काही नको,' म्हणून त्यांनी हट्टाने उपास केला. तेव्हा सुनेने नवऱ्याला तेवढे विश्वासात घेतले आणि गुपचूप शेगडी बंद केली. स्वयंपाक खालच्या मजल्यावर, शिंपीणकाकूंच्या ओट्यावर होऊ लागला. दोघे नवराबायको तिथेच उभ्या उभ्या जेवत. मग केसांतला, कपड्यांतला वास बिनवासाच्या साबणाने धुऊन सून गार अन्नाची वाटी वर आणी. धातूने तोंडाला लोखंडाची चव येते, म्हणून लाकडी चमचा रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सुचवला होता. पण ते सांगावे, तर आई एकेक धागा ओढत शेगडीपर्यंत पोहोचल्याच असत्या...

आणि सोमवारी काटा बेचाळीस किलोंच्या खाली गेला, तर पुढचा डोस लांबणार होता.

"तीन घास घ्या, आई. कुस्करलेला बटाटा आहे, लोणी घातलंय."

"कशाच्या जोरावर घेऊ?" सासूबाईंचा आवाज एकाएकी मऊ झाला. "कुणाला बोलले नाही. महिना झाला, माझं नाक मेलंय. तू आत रांधतेस, दूध तापवतेस, मला काही म्हणता काही कळत नाही. सगळा जन्म या नाकावर काढला मी. ते गेल्यावर जेवायचं कशाला?"

सुनेच्या काळजात चर्र झाले. जो त्याग तिने औषध म्हणून केला, तोच अंतःकरणाच्या इतक्या खोल जागी विष होऊन झिरपत होता...!

तेवढ्यात दार लोटून शिंपीणकाकू आत आल्या. गळ्यात मोजपट्टी, हातात पातेले.

"सूनबाई, तुझं पातेलं राहिलं खाली. अहो वहिनी, महिना झाला, हिनं माझ्या ओट्यावर संसार मांडलाय. माझ्याच घरात मी पाहुणी झालेय. चहा करायचा तर हिची परवानगी घ्यावी लागते."

सुनेने मान खाली घातली. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते.

सासूबाई भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. थंड शेगडीवरून त्यांनी बोट फिरवले. बोटाला धूळ लागली.

"म्हणजे माझं नाक..."

"शाबूत आहे, आई. घरालाच वास नव्हता."

"आणि तू मला दूर ठेवत नव्हतीस."

"नाही हो, आई..." सुनेने डोळे पुसले.

"रडू नकोस. सांगायचं नाही होय?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही शेगडी पेटवायला लावली असती."

"लावलीच असती," सासूबाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या ओठांवर हसू उमटले. "आताही लाव. मूठभर तांदूळ टाक. मी खिडकीशी बसते. मळमळलं तर सांगेन."

सुनेने शेगडी पेटवून तांदूळ टाकले. झाकण किंचित सरले, शुभ्र वाफ खोलीभर हळुवार पसरली. सासूबाईंनी डोळे मिटले. सून शेजारीच उभी राहिली, शेगडी विझवण्याच्या तयारीत...

"मीठ घातलं नाहीस," सासूबाई म्हणाल्या.

खरोखरच, गडबडीत ती मीठ विसरली होती!

मग मीठ पडले, भात निवला, आणि सासूबाईंनी स्वतः होऊन तो लाकडी चमचा मागून घेतला. पाच घास गेले. दुसऱ्या दिवशी सात.

सोमवारी काटा बेचाळीसच्या थोडा पुढे जाऊन थांबला. परिचारिकेने पुढच्या डोसची तारीख लिहून दिली. जिना चढताना सासूबाईंनी सुनेचा खांदा धरला.

"कांदा इतक्यात नको. पण भात आता घरीच टाक. आणि तुम्ही दोघं बसून जेवा, माझ्यासमोर."

"हो, आई," सून म्हणाली. आणि कुलूप उघडून, कपडे न बदलता, प्रथम त्यांना टेकवून बसवू लागली.