फ्लॉरेन्सचा अरुंद जिना

१९८७ सालचा ईस्टर. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या मराठी मंडळाने कोच ठरवून इटलीची सहल काढली होती. डब्यांत पोळ्या, तिळाची चटणी, आणि अंताक्षरीसाठी ड्रायव्हरशेजारचा माइक. फ्लॉरेन्स येईपर्यंत निम्म्यांचे घसे बसले होते आणि बाहेर बारीक, न थांबणारा पाऊस लागला होता.

तिथल्या कॅथीड्रलच्या घुमटावर जायचा जिना भिंतीच्या पोटातून चढतो. इतका अरुंद, की पुढचा थांबला की मागचा अडकलाच. सव्वीस वर्षांची सुप्रभा मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिली होती. तरी अर्ध्यावर पोचायच्या आतच तिला पायरीवर टेकावं लागलं. आणि खालून कुणीतरी शीळ घालत वर आलं...

"बसा, बसा," तो म्हणाला. "फक्त एवढं सांगा, आजचं जेवण इथेच आहे का?"

हा डॉक्टर शशिधर देवस्थळी. मिल्टन कीन्सच्या एका हॉस्पिटलात रजिस्ट्रार. कुणाची तरी ऑन-कॉल ड्यूटी निघाली म्हणून रिकामी झालेली सीट त्याने घेतली होती. मंडळात त्याला कुणी ओळखत नव्हतं.

"सँडल चावतात," सुप्रभा म्हणाली.

"मग काढून हातात घ्या. वर छतावर नरक रंगवलाय म्हणे. तिथे अनवाणी चालत असेल."

ती हसली, आणि त्या हसण्यात उरलासुरला श्वासही गेला. तो तिच्या खालच्या पायरीवर बसला, तिच्याकडे पाहत राहिला.

"तुमच्या गालांवरची ही लाली फार —" आणि मध्येच गप्प झाला. तिला वाटलं, लाजला.

त्या लालीचं कौतुक सगळ्यांनाच होतं. सहलीला सोबत आलेल्या तिच्या आईने, मधुमतीबाईंनी, ती लाली उठून दिसणारा फोटो रीडिंगच्या अतुलच्या घरी स्थळ म्हणून पाठवला होता. पसंती आली होती. आता फक्त बोलणी करायला बसायचं बाकी होतं.

पुढचे दोन दिवस शशिधर तिच्याच चालीने चालला. सोनेरी दरवाजांपाशी, राजवाड्यासमोरच्या पुतळ्यांपाशी तो थांबायचा, कॅमेऱ्याची लेन्स पुसत बसायचा. तेवढ्यात तिचा दम बसायचा. तो नागपूरच्या उन्हाच्या गोष्टी सांगायचा, मंडळाच्या सेक्रेटरींच्या चालण्याची नक्कल करायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या लक्षात आलं... कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती.

त्या संध्याकाळी नदीवरच्या जुन्या पुलावर दोघं उभी होती. सोनारांच्या दुकानांच्या लाकडी फळ्या लागल्या होत्या. खाली पाणी गढूळ.

"फिल्म कधी भरणार?" तिने विचारलं.

"तुम्हाला धाप लागायची थांबली की." मग हळूच, "गालांवरची अशी लाली कधी कधी हृदयाच्या आजाराची असते. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का?"

कुणीतरी हे विचारावं म्हणून ती किती वर्षं थांबली होती. सगळं सांगून टाकलं तिने. अकराव्या वर्षी पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदयाची झडप पुढे आकसत जाईल, लक्ष ठेवा. पण इंग्लंडला आल्यावर आईला धास्ती बसली. जवळच्या हॉस्पिटलात अर्धे डॉक्टर मंडळातले. मुलगी तिथे दिसली की पाडव्यापर्यंत घरोघरी कळणार, मग तिला करून घेणार कोण? लग्न झालं की बघू, आई म्हणायची. हॉस्पिटल घरापासून चालत जाण्याइतकं, उपचार फुकट, आणि इतक्या वर्षांत तिच्या छातीला एकदाही डॉक्टरची नळी लागली नव्हती.

"तुमच्याकडे आले तर? तिथे आमचं कुणी नाही. तुम्हीच तपासा."

"दुसऱ्याकडे पाठवीन. मी नाही तपासणार."

"का?"

"पेशंट झालीस, तर पुढचं मला बोलता येणार नाही."

तो 'तू' वर आलेला तिला कळला. तिने कठडा धरला. "पुढचं काय?"

"आधी मागचं ऐक. उशीर झालाय, सुप्रभा. ऑपरेशन झालं तरी किती वर्षं, ते कुणी सांगू शकणार नाही. मूल बहुतेक नकोच." त्याने छत्री तिच्या डोक्यावर सरकवली. "हे डॉक्टर म्हणून. आता विचारतो... माझ्याशी लग्न करशील?"

हॉटेलवर जाऊन तिने आधी आईला सांगितलं, ऑपरेशन करून घेणार. मधुमतीबाई रडल्या, मुलीपुढे हात जोडले. "थोडी कळ काढ गं. एकदा अक्षता पडू देत."

परतीच्या वाटेवर, फ्रान्समध्ये कुठेतरी, अंताक्षरीत सुप्रभाची पाळी आली. ती पुढे गेली, माइक घेतला.

"गाणं नाही म्हणत. मला हृदयाचा आजार आहे, लहानपणापासून. घरी पोचले की ऑपरेशनचं बघणार आहे. एकीकडून दुसरीला कळत जायला वेळ लागतो, म्हणून सगळ्यांना एकदमच सांगते."

मधुमतीबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. सीटच्या पाठी धरत धरत सुप्रभा मागे आली आणि शशिधरपाशी थांबली.

"विचारलं होतंस ना? हो."

रीडिंगहून नकाराचा फोन आठवड्याच्या आत आला. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं, झडप बदलली. पण हृदय तोवर थकून गेलं होतं. ऑक्टोबरात दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि मिल्टन कीन्सला संसार मांडला. जेमतेम आठ वर्षांचा. १९९६च्या फेब्रुवारीत सुप्रभा गेली. अतुलचं लग्न लेस्टरच्या मुलीशी झालं होतं; तो अंत्यविधीला आला, मागे उभा राहिला, निघून गेला. शशिधरने पुन्हा लग्न केलं नाही. रिटायर झाला, अजून त्याच घरात राहतो.

मधुमतीबाई पुष्कळ जगल्या. मंडळात कुणाची नवी सून, नवी मुलगी दिसली की तिचा हात धरायच्या आणि नाव विचारायच्या आधी विचारायच्या, "डॉक्टरला दाखवून आलीस का?" मुली हसायच्या, एकमेकींना कोपर मारायच्या. बाई उत्तर मिळेपर्यंत हात सोडत नसत.