हातपंपाची पाहणी

बाहेर धप्पकन आवाज झाला म्हणून मी मान वर केली. दुकानासमोरच्या फुटपाथवर एक उंच माणूस उकिडवा बसून कागद गोळा करत होता, आणि वारा ते कागद त्याच्यापेक्षा जास्त चपळाईनं गोळा करत होता.

दोन मिनिटांनी तो दारात उभा राहिला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात तिचा तुटलेला पट्टा आणि दातांत... हो, दातांतच, एक कागद.

"शिउऊन मिएल?"

"आधी तोंडातला कागद काढा, मग बोला."

त्यानं कागद काढला आणि हसला. हसला की त्याचा चष्मा नाकावरून घसरायचा आणि तो मनगटानं वर ढकलायचा. हे मी लगेच पाहिलं. बॅगा दुरुस्त करणाऱ्यांची नजर बारीक असते, दुसरं काही नाही.

बॅग चांगली होती. जुनं, जाड, मुरलेलं कातडं. "सगळे म्हणतात नवीन घे," तो म्हणाला.

"सगळ्यांना म्हणू दे. ही अजून दहा वर्षं जाईल. फक्त तिच्यात दगड भरू नका."

"दगड नाहीत. सरकारी कागद आहेत."

"तरीच."

मी मेणाचा दोरा घेतला, आरीनं भोकं पाडली आणि दुहेरी टाका घालायला बसले. तो गुपचूप बघत होता. मग एकदम म्हणाला, "टाका ओढताना तुम्ही जीभ बाहेर काढता."

"आणि तुम्ही गिऱ्हाईक असून फार बोलता."

म्हणाले मी हे रागानंच, पण जीभ आत घेतली आणि पुढचे चार टाके वाकडे पडले. उसवून पुन्हा घालावे लागले. तो गेला तेव्हा दुकान उगाचच मोठं वाटायला लागलं. मी काचेतून पाहत राहिले. त्यानं रस्ता ओलांडला, चौकातल्या हातपंपापाशी थांबला, मी शिवलेली बॅग उघडली, त्यातून डिंकाची बाटली काढली, आणि पंपावर भलीमोठी नोटीस चिकटवली.

मी तशीच धावत सुटले.

"हे काय चाललंय?"

तो दोन पावलं मागे सरकला. "अहो, आधी ती आरी खाली करा."

आरी हातातच राहिली होती. मी ती पाठीमागे लपवली आणि नोटीस वाचली. पंप सहा वर्षांपासून बंद असल्यामुळे पंधरा दिवसांनी त्यात सिमेंट ओतून तो कायमचा बुजवण्यात येईल.

तो पंप आम्हाला हवा होता. आमचं एक दुरुस्ती मंडळ आहे. दर रविवारी चौकात टेबलं मांडतो आणि लोकांचे पंखे, छत्र्या, इस्त्र्या, खेळणी, जे येईल ते दुरुस्त करतो. म्हणजे ते कचऱ्याच्या डोंगरावर जात नाही. चौकात आम्ही बारा झाडंही लावली होती, आणि त्यांना तिसऱ्या मजल्यावरून बादल्या उतरवून पाणी घालत होतो. पंप दुरुस्त करायचं ठरलं होतं. फक्त गेले तीन महिने ते 'पुढच्या रविवारी' ठरत होतं.

"आणि पंधरा दिवसांत पाणी आलं तर?" मी विचारलं.

त्यानं फाईल उलटी-सुलटी केली. "पाहणी अधिकाऱ्यासमोर पाणी आलं, तर आदेश रद्द."

"कोण आहे हा पाहणी अधिकारी?"

तो खोकला. चष्मा घसरला. "मी."

दुसऱ्या दिवशी मंडळ कामाला लागलं. मंडळ म्हणजे मुख्यतः फिटरकाका, ज्यांनी कारखान्यात तीस वर्षं यंत्रं खोलली आणि निवृत्तीनंतर घरातली सगळी खोलली. आणि माझी आत्या. आत्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. खराब लाइनींवर ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता, की ती कुजबुजली तरी चौकाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जायचं.

फिटरकाकांनी पंपावर तीन बांबूंचं तिकाटणं उभं केलं, दोर बांधला, आणि आतल्या लोखंडी सळया एकेक करून वर ओढायला सुरुवात केली. नोटीसवाला साहेब वही घेऊन हजर.

"पाहणी," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशीही पाहणी. चौथ्या दिवशीही. पाचव्या दिवशी आत्या माझ्या कानाशी आली आणि कुजबुजली, "हा पाण्याची पाहणी करतोय की पोरीची?"

समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हसली. साहेबांनी वही तोंडापुढे धरली. ती उलटी होती.

शेवटची सळई वर आली आणि दुखणं सापडलं. तळाशी कातड्याचे दोन वॉशर असतात, छोट्या वाटीसारखे. पाणी वर उचलायचं काम तेच करतात. आमच्या पंपाचे कुजून पार भुगा झाले होते.

साहेब त्याच संध्याकाळी दुकानात आला. "आमच्या भांडारात विचारलं. तसे वॉशर आता बनतच नाहीत."

"म्हणजे संपलं?"

त्यानं माझ्या काउंटरवरच्या कातड्याच्या तुकड्यांकडे पाहिलं, मग छताकडे. "मी पाहणी अधिकारी आहे. दुरुस्तीत मदत करायची मला परवानगी नाही."

"मदत मागितलीय कुणी?"

"नाही ना? मग झालं." तो गेला. पाच पावलांवरून परत आला. "कातडं आधी भिजवून घेतात. असं आपलं ऐकलंय." पुन्हा गेला. पुन्हा आला. "मग साच्यात दाबून दोन दिवस ठेवतात. हेही ऐकलंय."

"अजून काय काय ऐकलंय?"

"बरंच," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की... जाऊ दे. मी दोऱ्याचा गुंता सोडवायला घेतला. गुंता नव्हता, तो आधी केला.

साच्यासाठी योग्य मापाचं काहीच मिळेना. शेवटी आत्याच्या पावडरीच्या डब्याचं झाकण बरोबर बसलं. आत्यानं ते एखादा दागिना द्यावा तसं उसासा टाकून दिलं.

बाराव्या दिवशी नवे वॉशर बसवून आम्ही पंप मारून पाहिला. फिटरकाकांनी दांडा दाबला. पंपाच्या पोटातून एक लांबलचक, अतिशय असभ्य आवाज आला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. साहेब नीट ऐकावं म्हणून वाकला, आणि पंपानं त्याच्या पांढऱ्या शर्टावर गंजाचा चिखल थुंकला.

एवढंच. पाणी नाही.

सगळे पोट धरून हसले, मीसुद्धा. पण दुकानात परत आल्यावर हसू ओसरलं. तीन दिवस उरले होते. मी वॉशर समोर ठेवून नुसती बसले होते, तेव्हा तो आला. शर्ट तसाच.

"नाही जमणार मला," मी म्हटलं. "मी पट्टे शिवते हो. पंपाचं काळीज नाही शिवता येत."

तो स्टूल ओढून बसला, वॉशर उचलला आणि बोटांत हळूहळू फिरवला. "इथे हात लावून बघा. ही कड जाड आहे, ती पातळ. म्हणून फटीतून पाणी खाली निसटतंय."

मी बोट ठेवलं. त्याचं बोट तिथेच होतं. दोघांनीही काढलं नाही.

"तुम्हाला परवानगी नाही ना?" मी हळूच विचारलं.

"नाही."

असं म्हणून त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या वर सारल्या, आणि म्हणाला, "दुसरी रापी आहे?"

दोन तास आम्ही समोरासमोर बसून कातडं तासलं. चार नवे वॉशर केले, दोन राखीव धरून. तो तासताना गुणगुणत होता, अगदी बेसूर. मी जीभ बाहेर काढत होते बहुतेक. तो बघत होता, पण या वेळी बोलला नाही. निघताना मात्र त्याचा चेहरा गंभीर झाला. दारात थांबला, काहीतरी म्हणणार होता... आणि नुसतं "येतो" म्हणून गेला.

आला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. कातडं साच्यात वाळत होतं आणि मी रस्त्याकडे बघत होते. कामात लक्ष आहे हे दाखवायला मी एका बॅगेचा पट्टा शिवला. आत्यानं तो हातात घेतला, फिरवून पाहिला. "उलटा शिवलायस गं."

"मुद्दाम. नवी फॅशन आहे."

"हो का? मग त्या नोटीसवाल्याला फोन लावू?"

"त्याचा काय संबंध?"

"काहीच नाही," आत्या पूर्ण चौकाला सांगत म्हणाली.

पंधराव्या दिवशी सकाळी फिटरकाकांनी वॉशर बसवून सळया खाली सोडल्या. शेवटचा नट आवळेपर्यंत सरकारी गाडी आली. तिच्यामागे सिमेंटच्या गोण्या भरलेला टेम्पो. गाडीतून साहेबाच्या साहेब उतरल्या, चष्मा साखळीला बांधलेल्या मॅडम. आणि त्यांच्यामागे तो, मान खाली घालून. शर्ट इस्त्रीचा होता. चेहऱ्याला मात्र घड्या पडल्या होत्या.

चौक माणसांनी भरला होता. मॅडमनी फाईल उघडली.

"आजची पाहणी मी करणार आहे. अधिकारी का बदलला ते नियमानुसार वाचून दाखवावं लागतं." त्यांनी घसा साफ केला. "विषय: हातपंपाच्या पाहणीतून मुक्त करणेबाबत. महोदया, सदर पंपाच्या दुरुस्तीसाठी मी स्वतः दोन तास कातडं तासलं आहे. तसेच, दुरुस्ती करणाऱ्या एका नागरिकाबद्दल माझ्या मनात वैयक्तिक ओढ निर्माण झाली असून ती दिवसेंदिवस वाढत आहे. त्यामुळे पंपातून पाणी आलं नाही तरी मला ते दिसण्याची शक्यता आहे. तरी अन्य अधिकारी नेमावा, ही विनंती."

फिटरकाकांनी हात वर केला. "तो नागरिक मी नाही, एवढं लिहून घ्या."

मग जो हशा उसळला, त्यात माझे कान तापून लाल झाले. तो जमिनीकडे बघत होता. हे पत्र असं भरचौकात वाचलं जाईल हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यानं लिहिलं होतं.

"नागरिक कोण आहे?" मॅडमनी विचारलं. "म्हणणं नोंदवावं लागेल."

मी पुढे झाले. "मी आहे. पण आधी पंप बघा. नाहीतर लोक म्हणतील, म्हणणं ऐकून पाणी आलं."

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. "बरोबर आहे."

मी दांडा धरला. एक, दोन, तीन... आत्या मोजत होती, म्हणजे सगळं गावच ऐकत होतं. दहा. पंधरा. दांडा हलका, पोकळ. वीस. टेम्पोवाल्यानं एक गोणी खाली उतरवली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. अठ्ठाविसाव्याला हाताला ओझं लागलं. खाली, खोल, काहीतरी माझ्या कातड्यानं धरलं होतं आणि सोडत नव्हतं. तेहतिसाव्याला तोटीतून लाल पाणी आलं, मग पिवळं, आणि मग एकदम स्वच्छ, गार, मनगटाएवढी धार!

चौक ओरडला. मॅडमनी धारेखाली हात धरला, पदराला पुसला आणि लिहिलं. "पाणी आले. आदेश रद्द." टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "गोणी परत चढवा." आणि मग पेन तसंच धरून माझ्याकडे वळल्या. "हं. आता तुमचं म्हणणं?"

"लेखी देऊ?"

"तोंडी चालेल."

तो आता बघत होता. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि वर ढकलायचं त्याला भानच नव्हतं.

"माझी हरकत नाही," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोला, ऐकू आलं नाही."

"माझी हरकत नाही!"

"आमचीही नाही!" आत्या कडाडली, आणि झाडांवरचे पक्षी उडाले.

मॅडमनी सही केली, फाईल मिटली आणि त्याला म्हणाल्या, "तुमची आज अर्ध्या दिवसाची रजा. अर्ज उद्या द्या. साधा लिहा."

गर्दी पंपाभोवती लोटली. ज्याला त्याला दांडा मारून बघायचा होता. त्या गोंधळात तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी दोन बादल्या भरून घेतल्या होत्या.

"दोन दिवस आला नाहीत," मी म्हटलं.

"आलो असतो तर पत्र द्यायचा धीर झाला नसता." मग जरा थांबून, "रागावलात?"

"फार."

"आत्ता काय करताय?"

"झाडांना पाणी घालायचंय. बारा आहेत."

"सहा मला द्या."

त्यानं एक बादली उचलली आणि दुसरीही घ्यायला हात पुढे केला. बादली मी दिली नाही. हात दिला.