सहाचं पाणी

जेवण आटोपलं की वीजघर सांभाळणारे दत्तराव रोज दुपारी त्याच्या फाटकापर्यंत चालत जायचे. काम दोन मिनिटांचं. फाटकावर पत्र्याचं एक मोठं घड्याळ टांगलेलं होतं. चालणारं नव्हे; नुसते रंगवलेले आकडे आणि मधोमध नटानं आवळलेले दोन काटे. आज नदीत पाणी किती वाजता येणार, त्या वेळेवर दत्तराव काटे आणून ठेवत, आणि खालच्या गावातली माणसं ते बघून नदी ओलांडत.

आता हे घड्याळ कशाला, तेही सांगायला हवं. धरणाच्या पायथ्याला पाण्यावर फिरणारं एकच मशीन होतं, आणि ते कधी चालवायचं हे ठरायचं दूरच्या लोड डिस्पॅचच्या, म्हणजे कुठल्या मशीननं कधी वीज द्यायची ते ठरवणाऱ्या ऑफिसात. कोळशाचं मशीन तापायला अर्धा दिवस खातं, म्हणून ते रात्रंदिवस जळतं ठेवायचं. पाणी मोजकं, पण हाक मारली की पाच मिनिटांत वीज देतं, म्हणून ते दिवेलागणीच्या मागणीसाठी राखायचं. अशानं सगळ्यांची वीज स्वस्तात पडते. हिशोब चोख होता. फक्त मशीन फिरलं की कोरड्या पात्रात छातीएवढं पाणी धावत यायचं, आणि ते पाणी त्या हिशोबात कुठं बसत नव्हतं.

मशीन चालू करण्याआधी तीनदा भोंगा द्यायचा असा नियम होता. पण मेंढपाळ मल्हारी जन्माचा बहिरा. त्याला भोंगा काय आणि ढगांचा गडगडाट काय, सारखंच. त्याच्यासाठीच दत्तरावांनी वालूरच्या बाजारातून पत्रा आणून हे घड्याळ करवून घेतलं होतं. मल्हारी फाटकाशी यायचा, काट्यांकडे बघायचा, बोटांनी आकडा दाखवायचा. दत्तरावांनी मान हलवली की हसायचा आणि मेंढरं पात्रात घालायचा. माणसानं माणसावर टाकावा तेवढा भरवसा त्यानं त्या पत्र्यावर टाकला होता.

सत्याऐंशी सालच्या चैत्रात एके दिवशी काटे सहावर होते आणि फोन आला सव्वाचारला. कुठलंसं कोळशाचं मोठं मशीन अचानक बंद पडलं होतं. आत्ताच्या आत्ता पाण्याचं चालू करा, म्हणाले. दत्तरावांनी भोंगा दिला आणि मशीन चालू केलं. फाटकापर्यंत जाऊन यायला, नदीत कुणी आहे का ते बघायला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं त्यांनी मागितली नाहीत.

मल्हारी अकरा मेंढरांसकट वाहून गेला. आरडाओरडा कानावर आला तेव्हा दत्तराव नदीकडे धावले नाहीत. आधी फाटकाकडे गेले आणि काटे फिरवून सव्वाचारवर आणून ठेवले. चौकशीचे साहेब आले, त्यांनी घड्याळ बघितलं आणि कागदावर लिहिलं, मयताचा निष्काळजीपणा. गावानंही माना डोलावल्या. डोळे असून बघितलं नाही, त्याला कोण काय करणार?

एकटी त्याची बायको मनकर्णाबाई म्हणत राहिली, "काटे बगितल्याबिगर त्यांनी कदी पाय टाकला न्हाई." पण तिचं कोण ऐकतंय! दत्तराव तर ती दिसली की वाट बदलायचे. तोंड उघडायची हिंमत होत नव्हती.

तेरावं उरकलं आणि दुसऱ्याच दिवसापासून ते सुरू झालं.

काटे सातवर ठेवून दत्तराव परतले. तासाभरानं सहज बघितलं, तर काटे सहावर. वाऱ्यानं फिरले असतील म्हणून त्यांनी नट आवळला. दुसऱ्या दिवशी साडेसातवर ठेवले, पुन्हा सहा. कुणाची तरी खोडी असणार, असं म्हणून तिसऱ्या दिवशी ते फाटकासमोर खुर्ची टाकून बसले, अगदी डोळ्यांत तेल घालून. वारा पडलेला. झाडाचं पान हलत नव्हतं. मग नदीच्या अंगानं वास यायला लागला... भिजलेल्या लोकरीचा, कुबट, जड. पात्र तर ठणठणीत कोरडं होतं. वास जवळ आला, खुर्चीला वळसा घालून फाटकाकडे गेला. दत्तरावांनी घाम पुसायला रुमाल डोळ्यांवरून फिरवला, तेवढाच काय तो वेळ. काटे सहावर होते.

वैशाखात एके दिवशी साडेपाचला फोन वाजला.

"मशीन चालू करा, लगेच. कोळशाचं एक गेलंय."

दत्तरावांनी भोंगा दिला आणि या खेपेला मात्र बाहेर येऊन नदीकडे बघितलं. पात्राच्या मधोमध मनकर्णाबाई बसली होती. उरलेली मेंढरं भोवती. दुसरा भोंगा झाला, तिसरा झाला. बाई जागची हलली नाही. दत्तराव परत फोनवर आले.

"दहा मिनिटं द्या, साहेब. नदीत माणूस आहे."

"भोंगा दिलात ना? मग झालं तर! इथं तीन जिल्हे बंद पडतील."

दत्तरावांनी फोन ठेवून दिला. मदतनीस आश्रुबाला बजावलं, "मी येईपर्यंत पॅनेलला हात लावायचा नाही." आणि ते उताराकडे धावले. ते वाळूत उतरतात न उतरतात तोच गावातल्या गिरणीचा आवाज थांबला. वीज गेली होती.

"बाई, उठा. पाणी सोडायचंय."

"काटे सहावर हायेत."

"काट्यांवर जाऊ नका..."

"मंग कशावर जावं, सायेब?" तिनं मान वर केली नाही. "ते त्याच्यावरच गेले. समदं गाव म्हणायलंय, बगितलं न्हाई. मी हितंच बसते. सहाच्या आत पाणी आलं तर तुमचं घड्याळ लबाड. मंग तरी लोकांना कळंल..."

दत्तराव तिच्यासमोर वाळूत बसले. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा एकदाचा सरकला.

"त्या दिवशी काटे सहावरच होते, मनकर्णाबाई. मी फिरवले... मागून. मल्हारीची काही चूक नव्हती."

एक मेंढरू तिच्या पदराला हुंगत उभं होतं. मग ती रडली. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते.

"मातीला आलेले लोक म्हणायलते, बहिरं ते बहिरं, आंदळं बी निघालं. मी मुकाट ऐकलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यांना ऐकू येत नव्हतं, तेच बरं झालं."

"आज चावडीवर सांगतो. साहेबांनाही लिहून देतो. नोकरी गेली तर जाऊ द्या."

"चला मंग," ती म्हणाली आणि उठली.

ती दोघं काठाला लागली, शेवटचं मेंढरू वर आलं, आणि मागं पाण्याचा आवाज झाला. फेसाळलेलं पाणी पात्र भरून धावत आलं आणि ती बसली होती ती जागा बुडाली. दत्तरावांनी मनगटावर बघितलं. बरोबर सहा.

ते धापा टाकत वीजघरात आले. आश्रुबा दारात उकिडवा बसला होता.

"हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना रे?"

"मी कुटं लावला? तुमीच आला की, सायेब..." त्यानं पॅनेलकडे बोट दाखवलं. "डोस्क्यावर घोंगडं घेऊन. समद्या अंगातनं पाणी गळायलतं. फोन तुमच्या कानापाशी वाजायलता, मी लय हाका मारल्या. तुमी वळून बगितलं न्हाई. भिंतीवरच्या घड्याळाकडं बगत हुबे ऱ्हायलात. अन् सहा वाजले तसं..."

दत्तराव आत गेले. मशीन सुरळीत फिरत होतं. खोलीत तोच वास भरून राहिला होता. टेबलावर लॉगबुक उघडं होतं. आजच्या पानावर, मशीन चालू करणाऱ्यानं सही करायची त्या जागी, चिखलाचा एक अंगठा उमटला होता.

त्यांनी पेन उघडलं आणि त्याच्या खाली चैत्रातल्या त्या दिवसाची खरी हकीकत लिहिली. खाली सही केली. वाटलं, आता तरी तो सुटेल बिचारा.

मग शाई वाळली का ते बघत त्यांनी पान उलटलं. उद्याचं पान कोरं असायला हवं होतं. तिथं सहीच्या जागी अंगठा होता. परवाच्या पानावरही होता. दत्तराव एकेक पान उलटत वहीच्या शेवटापर्यंत गेले.