निवलेलं पाणी

त्या दिवशी थंडी बेकार होती. पुसाचा महिना, सकाळपासून ढग, पण पाऊस पडायचं नाव नाही. मागच्या जानेवारीची सतरा तारीख, शनिवार, दुसऱ्या दिवशी अवस. तारीख मले पाठ आहे, कारण दुपारी नरहरी माझ्या दारावरून गेला. म्हणाला, "सदर बाजारातून नळाचा वाल घेऊन येतो." मी म्हटलं, "मफलर तरी बांध." त्यानं ऐकलं नाही.

नरहरी आमचा नळमिस्त्री. पुरानी बस्तीत, तीन मजली इमारतीत, सगळ्यात वरती राहते. पुढचं त्यानं माझ्या ओट्यावर बसून सांगितलं, तसंच तुम्हाले सांगतो.

"पर आजोबा, पाइप में भूत थोड़ी रहता है," माझा नातू प्रफुल्ल हसून राहिला.

भूत म्हटलं काय मी? ऐक आधी, पोट्ट्या.

त्या इमारतीत सहा घरं आणि पाण्याची लाइन एकच. खाली गेटापाशी लाइनीत एक वाल असते. त्याच्या आत पितळेची पत्ती, दारासारखी. पाणी आत येऊ देते, उलटं जाऊ देत नाही. नळ गेले की बाहेरची मोठी लाइन पाणी ओढते. पत्ती नसली तर इमारतीचे पाइपही रिकामे होतात आणि जिथून मिळेल तिथून ओढून घेतात. पण पत्तीनं धार जराशी बारीक होते. तेवढ्यासाठी सगळे नरहरीच्या मागं लागले. विमला, त्याची बायको, तीही. म्हणे, "मिस्त्रीचं घर, आणि नळ पाहा, म्हाताऱ्यासारखा थेंब थेंब करते. लाज वाटते मले."

बायकोचं बोलणं लागलं त्याले. मागच्या उन्हाळ्यात त्यानं आपल्या हातानं ती पत्ती काढून टाकली. धार मोठी झाली. विमला खूष. त्या दिवशी तिनं त्याले पुरणपोळी केली होती.

खालच्या शंकरचा प्लास्टिकचा पाइप अंगण धुतल्यावर उघड्या नळाले लागलेलाच राहे, त्याचं तोंड नालीत. पावसाळ्यात नाली भरली. नळ गेले की नालीचं पाणी लाइनीत, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हंड्यात. दोन पोरांले हगवण लागली, ती उतरली. विमलाले कावीळ झाली, ती उतरली नाही.

सप्टेंबरात दवाखान्यातून घरी आणलं तिले. त्या संध्याकाळी तिनं पाणी मागितलं. नरहरी नळाच्या पाण्याले भ्याला होता. म्हणाला, "थांब, उकळून देतो." चांगलं वीस मिनिटं उकळलं. मग परातीत थंड पाणी घेऊन उकळल्या पाण्याचा गंज त्यात ठेवला, निवायले. मधल्या मजल्यावरची अपर्णा तिच्याजवळ बसली होती.

पाणी निवलं तवर विमला गेली.

मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालावं, एवढं तर आपण दुश्मनाचंही करतो. नरहरीच्या हातून तेही राहिलं. त्यानंतर चार महिने त्यानं घरच्या पाइपाले हात लावला नाही. स्वयंपाकघरातला नळ खोलला नाही. खालून बादलीनं पाणी आणे, उकळे, लोट्यात भरून ठेवे. पीत मात्र थोडंच.

त्या शनिवारी काहून उठला, त्यालेच ठाऊक. नवा वाल आणला, पाच वाजता बसवला. शंकरचा पाइप स्वतः काढून भिंतीवर टांगला. सहाले नळ आले, सातले गेले. मग वरती येऊन त्यानं चार महिन्यांनी तो नळ खोलला. तोंडाले तळवा लावून पाहिला. हवा ओढत नव्हता. काम पक्कं.

नळ उघडाच राहिला. नरहरी पाटावर बसला.

पावणेआठ वाजले असतील. नळातून आवाज आला. सुर्र...

त्यानं तळवा लावला. कातडी ओढली गेली.

वाल उलटा बसला काय? टॉर्च घेऊन खाली गेला. वालावरचा बाण बरोबर होता. शंकरचा नळ बंद. अपर्णाच्या घरी विचारलं, तिचाही बंद. वरती आला.

सुर्र...

मग थांबलं.

पुन्हा... सुर्र.

पाइप असा ओढत नाही, पोट्टेहो. पाइप ओढते ते एका दमात, थांबत नाही. हे थांबून थांबून होतं. एक घोट. दम. मग एक घोट. बिमार माणूस जसा...

नरहरीनं उकळून ठेवलेल्या पाण्याचा लोटा उचलला.

लोटा नळाखाली धरला, वर नेला, नळाचं तोंड पाण्यात बुडालं.

पाणी कमी झालं.

दम.

आणखी कमी झालं.

तो लोटा तिरपा करत गेला, जसं तोंडाशी धरतात तसा. तळ दिसला. आवाज बंद झाला.

मग मिस्त्रीच तो. पाना घेतला आणि नळ काढला, पाइपात पाहायले. पाइप काठोकाठ भरलेला होता. वरपर्यंत. एक थेंब जाईल एवढी जागा नाही. नव्या वालानं सगळं पाणी धरून ठेवलं होतं, जसं धराले पाहिजे तसं. खाली जमीन कोरडी. त्याचे हात कोरडे. आणि एक लोटा पाणी...

मी त्याले विचारलं होतं, मग गेलं कुठं?

त्या रात्री नळ काढला तवर त्याच्या दाराशी अपर्णा आली होती. तो खाली विचारून गेला तवाच तिच्या मनात काही आलं असेल. तिनं रिकामा लोटा पाहिला आणि चौकटीले धरून खाली बसली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही तवा पाणी उकळत होते. ताई मले एक गोष्ट बोलली होती. तुम्ही स्वतःले एवढा दोष देऊन राहिले होते, माझी सांगायची हिंमतच नाही झाली. ती म्हणाली, त्यायले सांगजो, धावपळ नोको करू म्हणा. पाणी सावकाश निवू दे. मी थांबून आहो."