खांबावरची छत्री

मुलांनो, डोळे मिटा आणि एक चार मजली दुकान डोळ्यांसमोर आणा. दगडी पायऱ्या, पितळी मुठींचं जाड काचेचं दार, आत शिरताच नव्या कापडाचा वास. तळमजल्यावर भांडी, पहिल्यावर कापड, दुसऱ्यावर मुलांचे कपडे, तिसऱ्यावर फर्निचर. लिफ्ट चालवणाऱ्या गृहस्थांना आम्ही 'वरखाली' म्हणायचो. ते रागवत नसत, फक्त म्हणणाऱ्याला एक मजला पुढे नेऊन सोडत.

मी दुसऱ्या मजल्यावर मापं घ्यायचो. चौतीस वर्षं तेच काम केलं.

टेपने मुलांना गुदगुल्या होतात, म्हणून आमच्याकडे उंची खांबावर घेत. मजल्याच्या मधोमध एक रुंद चौकोनी खांब होता. शाळेचे कपडे घ्यायला आलेलं मूल त्याला टेकून उभं राही. मी डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरून पेन्सिलीने रेघ मारी. नावं लिहायची नाहीत, असा मालकांचा नियम. प्रत्येक मूल आपली खूण निवडे: मासा, चमचा, किल्ली. पुढच्या वर्षी ते आधी खांबाकडे धावे, कपड्यांकडे नंतर. म्हणून खांबाला कधी रंग दिला नाही. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात रांग जिन्यावरून थेट रस्त्यापर्यंत जाई.

"टाचा खांबाला, हनुवटी सरळ, श्वास घ्यायचा पण फुगायचं नाही," असं मी प्रत्येकाला सांगायचो. तरी निम्मी मुलं टाचा उचलायचीच. मग मी हळूच म्हणायचो, "टाच टेक."

माझ्या धाकट्या बहिणीची मोठी मुलगी यात सगळ्यांत पटाईत. तिची खूण छत्री. खांबाची खिडकीकडची बाजू तिने स्वतःसाठी राखून ठेवली होती. तिथे तिच्या तीन रेघा होत्या. सहा वर्षांची असताना ती तापाने गेली. मला त्या रेघा बघवेनात. मी त्या बाजूला एक जड कपाट लावलं आणि सुताराकडून खांबाला ठोकून घेतलं. बहीण पुन्हा त्या मजल्यावर चढली नाही.

मग दिवस पालटले. शहराबाहेर मोठमोठी नवी दुकानं झाली, तिथे गाडी थेट दारात लावता येई. आमचा तिसरा मजला बंद झाला. मग लिफ्ट थांबली आणि वरखाली घरी गेले. शेवटच्या वर्षी रांग नव्हतीच. एका दुपारी तर मी स्वतःचीच उंची मोजली, हाताला काम म्हणून.

कपाट ठोकल्यापासून नऊ वर्षांनी दुकान बंद झालं. सोमवारी इमारत पाडायला घेणार होते. शनिवारी भर दुपारी हमाल उरलेलं सामान नेत होते. बहिणीने माझा डबा आणला, पण ती खाली दारातच थांबली. वर पाठवलं तिच्या दुसऱ्या मुलीला. ही थोरली गेल्यावर वर्षाने झालेली, आता आठ वर्षांची. सतत आईच्या मागे, म्हणून घरात तिचं नाव शेपूट.

ती आली तेव्हा हमालांनी खिळे काढून कपाट बाजूला केलं होतं. मी खांबाकडे बघत उभा होतो.

छत्रीच्या रेघा तीन नव्हत्या. अकरा होत्या.

कपाटामागे बोट शिरायला जागा नव्हती, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो. तरी तिसऱ्या रेघेच्या वर आठ नव्या रेघा होत्या. आधी चार बोटांच्या अंतरावर, मग वर जाताना जवळजवळ. पोरी वाढतात तशाच. मी डावखुरा, माझी रेघ उजवीकडून सुरू होते आणि डाव्या टोकाला जराशी खाली वळते. या आठही तशाच वळल्या होत्या. छत्रीची मूठ मी नेहमी उलट्या बाजूला काढतो. तीही तशीच होती.

खाली नऊ वर्षांची धूळ होती. तिच्यात खांबालगत दोन टाचांएवढी जागा स्वच्छ होती.

हमाल कपाट घेऊन खाली गेले. शेपटाने डबा खिडकीत ठेवला आणि बराच वेळ रेघा पाहिल्या. मग तिने विचारलं, "मामा, ही ताईची खूण ना?"

मी मान हलवली.

"या वर्षीची कुठंय?"

मी म्हणालो, या वर्षी राहून गेली.

"आणि सोमवारी खांब पाडणार. मग ती कुठे मोजणार?"

 

तिने टेबलावरची पट्टी उचलली. कोपऱ्यातलं स्टूल ओढत आणलं आणि त्यावर चढली. सगळ्यांत वरच्या रेघेच्याही वर, दोन बोटं अंतर ठेवून, तिने पट्टी रिकाम्या हवेत आडवी धरली.

"पेन्सिल घ्या मामा."

मी घेतली.

ती खाली, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. तिचा चेहरा शांत होता. ती पुढे जे म्हणाली ते शब्द तिने माझ्याकडून कधी ऐकले नव्हते, कारण तिचं माप त्या खांबावर कधी घेतलंच नव्हतं.

"टाच टेक," ती म्हणाली.

पट्टी एक बोट खाली आली.

मी रेघ मारली. शेजारी छत्री काढली.

शेपूट स्टुलावरून उतरली. पट्टी माझ्या हातात दिली, डबा खायची आठवण केली आणि जिन्याकडे निघाली. आई खाली वाट बघत होती. शेपटाने उजवा हात कठड्यावर ठेवला. डावा हात थोडा वर धरला, आपल्याहून उंच कुणाचा हात धरतात तसा, आणि पायऱ्यांच्या एका कडेने, शेजारी एका माणसाची जागा सोडून, ती सावकाश खाली उतरली.